गोठ्यातली गाडी

अंकुशनं गाडीच्या बॉनेटवर तळहात आपटला आणि म्हणाला, "एकेचाळीस लाख. आता याच्यावर एक दमडी चढायची नाही."

पायरीवर मटकी निवडत बसलेल्या आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. उभ्या राहिल्या. पदर खोचला.

"चहा पिऊन झाला न्हवं?"

"झाला की."

"मग वाटंला लाग."

"अहो आक्का, गेल्या खेपेला चव्वेचाळीस म्हणालो तेव्हाच दिली असती तर..."

"वाटंला लाग म्हनलं न्हवं!"

अंकुश माझ्याकडं बघायला लागला. तो माझा सख्खा भाचा. विट्याच्या रस्त्याला त्याचं जुन्या गाड्या घ्यायचं-विकायचं दुकान. या एका गाडीसाठी ही त्याची तिसरी खेप होती. दोन वेळा आक्कांनी असंच हाकलून लावलं होतं, म्हणून या वेळी त्यानं मला जीपमध्ये घालून आणलं होतं. का, तर आक्कांच्या घरची जनावरं पूर्वी मीच विकलेली. माझा धंदा बैलबाजारातल्या दलालीचा. खरसुंडीपासून सांगोल्यापर्यंत चाळीस वर्षं मी दुसऱ्याचे बैल तिसऱ्याला दिले.

आक्का मला बघून एवढंच म्हणाल्या, "दगडू, तू ऱ्हा. जेवून जा." आणि आत गेल्या.

गाडी उभी होती ती गोठ्यात. घर नवं, दुमजली, फरशा अशा की पाय घसरावा. पण सावलीची लांबरुंद जागा गोठ्याचीच. गव्हाणी पाडून तिथं सिमेंट केलं होतं, एक खुंट मात्र कोपऱ्यात तसाच होता. त्याच्या शेजारी ती काळी, हत्तीच्या पिल्लाएवढी परदेशी गाडी. तिच्यात मी माझं तोंड बघितलं. पटका वाकडा झाला होता, तो नीट केला.

आक्कांचा मुलगा भारत गलाईवाला. गलाई म्हणजे जुनं सोनं, चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. आमच्या भागातली निम्मी तरणी माणसं त्यासाठी मुलखावर पांगलेली. भारतची भट्टी तिकडं तमिळ मुलखात, सेलमला. वीस वर्षं भट्टीपुढं बसला आणि मग ही गाडी घेऊन यात्रेला गावात आला. त्या दिवशी अख्खा गाव गोठ्यापुढं जमला होता. पुढं तीन वर्षांनी, सेलमलाच, सकाळी आंघोळीला म्हणून गेला आणि छातीत कळ येऊन पडला. सहा फूट दोन इंचांचा माणूस. उचलायला सहा जण लागले म्हणतात. त्याच्यामागं बायको गाडी घेऊन गावी परतली.

अंकुश बाहेर जीपच्या चाकाला पाठ लावून बसला होता.

"नवी केवढ्याला घेतली होती रं?" मी विचारलं.

"नव्वद. कर भरून, विमा काढून रस्त्यावर आणेपर्यंत कोटीच्या वर गेली."

"कुठं ठोकली होती?"

"नाही. ओरखडा नाही."

"लई पळाली?"

"कुठली? अठ्ठावीस हजार किलोमीटर. आपल्याकडचा वडापचा जीपवाला सहा महिन्यांत एवढं पळवतो."

"मग निम्मी गेली कुठं?"

अंकुश हसला. "मामा, मोठ्या गाडीचं असंच असतं. शोरूमची पायरी उतरली की दहा लाख गेले. दुसऱ्या वर्षी कंपनीनं पुढचं तोंड बदलून नवी काढली की हिचे आणखी गेले. तीन वर्षांची वॉरंटी संपली की लोक हात लावायला भितात. हिचा पुढचा एक दिवा फुटला तर किती लागतात, सांगा."

"पाच हजार?"

"अडीच लाख."

"दिव्याला?"

"एका दिव्याला. आणि ही स्प्रिंगवर नाही, हवेच्या पिशव्यांवर उभी असते. एक पिशवी गेली की गाडी बसकण मारते, मग आणा माणूस पुण्याहून. ज्याला कोटीची गाडी परवडते तो जुनी घेत नाही. ज्याला जुनी परवडते त्याला हिचा दिवा परवडत नाही. मग भाव द्यायचा कुणी?"

अडीच लाखांत मी खिलारची जोडी बांधून दिली असती, वर झुली घालून. आमच्या धंद्यात खोंड दावणीला वाढतं, जुवाला लागतं, सरळ तास धरायला लागतं, तसा त्याचा भाव चढत जातो. म्हातारपणी उतरतो, ते खरं. पण ही तर जन्मली त्याच दिवशी उतरायला लागली. एवढी देखणी वस्तू, अंगाला ओरखडा नाही, खाणंपिणं नाही, नुसती सावलीत उभी राहिली आणि महिन्याला एका बैलाची किंमत कुठंतरी विरून गेली. मला त्याची भीतीच वाटली.

"आणि चाव्या दोन्ही पाहिजेत," अंकुश म्हणाला. "एक वहिनींकडं आहे. दुसरी भारतदादांची, ती आक्कांच्या कनवटीला. एक चावी कमी असली की गिऱ्हाईक सरळ दोन लाख कापतं. तीही आक्का दाखवत नाहीत."

जेवायला बसलो तेव्हा भारतची बायको, वैजयंता, वाढत होती. आक्का देवघरात होत्या. तिनं आवाज खाली आणला.

"नाना, तुम्ही काहीतरी करा. सेलमचा जागामालक दसऱ्यापर्यंत दुकान धरून ठेवतो म्हणालाय. पुढं दुसऱ्याला देणार."

"दुकान चालवणार कोण, पोरी?"

"मी. सोळा वर्षं काटा मीच धरला. कसाला सोनं मीच लावत होते, ते नुसती भट्टी बघायचे. पण भट्टी पेटवायची तर हाताशी ऐवज पाहिजे. ही गाडी सोडली तर दुसरं काही उभं नाही. आणि ती रोज घटतीय."

"आक्का विकू नका म्हणतात?"

"तेच तर कळत नाही. एकदाही नको म्हणाल्या नाहीत. गिऱ्हाईक येणार म्हटलं की स्वतः गोठा झाडतात. चहा टाकायला सांगतात. माणूस गाडी बघतो, आत वाकतो, खाली वाकतो, आत्या मटकी निवडत बसतात. सगळं बरं चाललेलं असतं. त्यानं भाव सांगितला की हाकलतात."

"कमी वाटत असंल."

"पहिल्यांदा अठ्ठेचाळीस सांगितला तेव्हाही हाकललं. मी म्हणाले, आत्या, तुमच्या मनात किती आहे ते तरी सांगा. तर म्हणाल्या, माझ्या मनात आकडा नाही."

एवढं बोलून तिनं ताटात भाकरी टाकली. मग हळूच म्हणाली, "मी त्यांच्या चावीला हात लावत नाही, नाना. एकदा लावला होता."

"का? काय झालं?"

तिनं कालवण वाढायला घेतलं. आक्का देवघरातून येत होत्या.

अंकुशला विट्याला काम होतं, तो निघून गेला आणि सकाळी परत येतो म्हणाला. मी ओसरीवर मुक्काम केला.

उजाडता उजाडता झाडूचा आवाज आला. आक्का गोठा झाडत होत्या, जनावरं असताना झाडत तशाच, आधी कोपरे, मग मधली जागा. झाडून झाल्यावर त्यांनी फडकं ओलं करून काच पुसली. मी तांब्या घेऊन उठलो होतो, तो तसाच हातात घेऊन गोठ्याच्या तोंडाशी गेलो. त्यांनी मला बघितलं. कनवटीची चावी काढली आणि उजव्या हाताचा दरवाजा उघडला.

आत दिवे लागले. समई लावल्यासारखे, एकेक करून.

आणि ती रिकामी खुर्ची हलली.

मी खरं सांगतो, हातातला तांब्या खाली ठेवायचं मला सुचलं नाही. कुणी आत नव्हतं. कुणी हात लावला नव्हता. बारीक गुरगुर झाली आणि ती खुर्ची सावकाश मागं सरकली, चांगली हातभर. मग खाली बसली. मग तिची पाठ जराशी कलली. स्टिअरिंग आपण होऊन वर उचललं गेलं. बाहेरचे दोन्ही आरसे उघडले आणि वरच्या अंगाला वळले. मोठ्या अंगाचा माणूस दारात आल्यावर घरातलं सगळं अंग चोरून त्याला वाट करून देतं ना, तसं झालं. मग सगळं थांबलं. जागा तयार झाली आणि वाट बघत राहिली.

मी पटका काढून हातात घेतला. देवळात काढतो तसा.

"आक्का... हे काय?"

"त्याचं माप," आक्का म्हणाल्या. "सुनंच्या चावीनं उघडली की खुर्ची फुडं येती, वर उचलती. ती बुटकी हाय न्हवं? ह्या चावीनं उघडली की त्याच्या मापानं मागं जाती. आता सात महिने झाले, रोज बघती मी. येकदा बी चुकली न्हाय."

समोरच्या काचेच्या पाटीवर अक्षरं उमटली होती. मला त्या साली नुकतंच वाचता यायला लागलं होतं, नातीच्या पाटीवर गिरवून, एकसष्ट वर्षं पुरी झाल्यावर. पण ती अक्षरं इंग्रजी होती.

"काय लिवलंय त्यात?"

"मला कुठं वाचता येतंय? पण त्याचं नाव हाय."

आक्का वळसा घालून डावीकडं गेल्या, दार उघडून आत बसल्या. उजवीकडच्या खुर्चीला त्यांनी हात लावला नाही. मांडीवर हात ठेवून सरळ समोर बघत बसल्या, जशी आई पोराच्या शेजारी प्रवासाला बसते. मी बाहेर उभा. काही वेळानं आतले दिवे मालवले.

"दगडू."

"बोला आक्का."

"आमचा पाखऱ्या तू इकला हुतास. ध्यानात हाय?"

ध्यानात होताच. पाखऱ्या म्हणजे त्यांचा खिलार बैल. आक्कांच्या मालकांनी याच गोठ्यातून तो दिला, तेव्हा सौदा मीच केला होता. त्या दिवशी आक्का चुलीपुढून उठल्या नव्हत्या. बैल वेशीबाहेर गेल्यावर मला नुसतं विचारलं होतं, "वळला का त्यो?" वेशीपाशी पाखऱ्यानं मान वळवून मागं बघितलं होतं. मी हो म्हणालो होतो.

"तवा तू भाव मोठ्यानं बोलला हुतास?"

"न्हाई आक्का. पटक्याखाली."

"का रं?"

मी हातातल्या पटक्याकडं बघितलं.

आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर पटका किंवा टॉवेल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. जेवढी बोटं दाबली तेवढा आकडा. शेजारच्याला कळत नाही म्हणून असं करतात, असं लोक सांगतात. पण माझ्या बापानं मला दुसरं कारण सांगितलं होतं. जनावराच्या समोर त्याची किंमत बोलायची नाही. त्याला कळतं. ज्या घरात पोळ्याला त्याची पूजा केली, त्या घराच्या तोंडून त्यानं आपला आकडा ऐकू नये.

"त्या लेकराच्या तोंडावर," आक्का म्हणाल्या, "पयल्यांदा अठ्ठेचाळीस. मग चव्वेचाळीस. काल येकेचाळीस, आन वर थाप. बसल्या जागी ऐकत हुता त्यो." त्यांनी रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. "मी इकणार न्हाय असं कवा म्हनलं? सुनंची भट्टी थंड पडलीया. मला काय दिसत न्हाय?"

मी पटका डोक्याला बांधला नाही. हातातच ठेवला.

अंकुशची जीप आली तशी मी त्याला गेटबाहेरच अडवला.

"गाडीपाशी तोंड उघडायचं न्हाय."

"म्हणजे?"

"आकडा बोलायचा न्हाय. एक सुद्धा. काय द्यायचं शेवटचं, ते माझ्या बोटांवर सांग."

"मामा, फोनवर लिहून दाखवू का?"

"हात आण हिकडं." त्याच्या हातावर मी पटका टाकला. "चाळीस धरून चाललोय. वरची बोटं दाब."

पोरगं गांगरलं. गाड्या विकून केस पिकायला लागलेला माणूस, पण पटक्याखाली हात गेल्यावर लहान झाला. त्यानं घाबरत घाबरत बोटं दाबली. मी मान हलवली. त्यानं आणखी एक दाबलं. "संपलं मामा. याच्या वर मला काही उरत नाही. शपथ."

मी आत आलो. आक्का पायरीवर बसल्या होत्या. वैजयंता दाराच्या चौकटीला टेकून उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी आक्कांच्या पुढं बसलो आणि थबकलो. चाळीस वर्षांत बाईमाणसाचा हात पटक्याखाली मी धरला नव्हता. बाजारात बाया येतच नाहीत.

आक्का म्हणाल्या, "आता लाजतोस व्हय? तोंडात दात किती ऱ्हायले तुझ्या?"

वैजयंताला तशातही हसू फुटलं. मी हात पुढं केला. आक्कांनी आपला हात माझ्या हातात दिला आणि स्वतःच पटका ओढून घेतला.

त्यांना सगळं येत होतं. मालक ओसरीवर सौदे करायचे तेव्हा दाराआडून बघून शिकल्या असतील. त्यांनी माझी बोटं घट्ट धरली आणि पहिलाच आकडा असा मागितला की मी दचकलो. मी मान हलवली. अंकुशचा आकडा मी लगेच दिला नाही, एक बोट मागं ठेवलं, दलालाची खोड. त्यांनी ते ओळखलं आणि माझ्या त्या लपवलेल्या बोटावर नखच रोवलं. मी कळवळलो.

"काय झालं मामा?" अंकुश म्हणाला.

"गप बस."

शेवटी दोघांची बोटं एका जागी आली. अंकुशचा शेवटचा आकडा, पुरता. मी "झालं" म्हणणार, तेवढ्यात आक्कांनी धरलेली बोटं सैल केली. त्यातली दोन सोडून दिली. आपण होऊन.

हातात आलेलं बोट कुणी सोडत नाही. असं मी ना आधी बघितलं ना पुढं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"आक्का, चुकलं तुमचं."

"चुकलं न्हाय. दोन तुझ्या भाच्याला सोडली. दावं आमचं." आणि दुसऱ्या हातानं त्यांनी कनवटीवर थोपटलं.

मला कळायला वेळ लागला नाही. जनावर विकलं तरी त्याचं दावं कुणी देत नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. पाखऱ्या गेला तेव्हा त्याचं दावंही याच गोठ्यातल्या खुंटाला राहिलं होतं.

मी अंकुशला बाजूला नेलं, कानात आकडा सांगितला. तो आकडा मी आजतागायत कुणाला सांगितलेला नाही.

अंकुश आधी खूश झाला आणि मग त्याचं तोंड उतरलं. "चावी देणार नाहीत? मामा, तसं चालत नाही. मग ती चावी कंपनीच्या कॉम्प्युटरवर नेऊन पुसावी लागते. नाहीतर गाडी तिच्यानं उघडत राहणार."

"उघडू दे."

"गिऱ्हाईक म्हणेल चोरी झाली तर?"

"कोण चोरणार? आक्का पळवून नेणार व्हय गाडी?"

तो हसला नाही. गोठ्याकडं बघत राहिला. मग मी त्याला सकाळी जे बघितलं ते सांगितलं. त्यानं शेकड्यांनी गाड्या विकल्या होत्या. खुर्ची माप लक्षात ठेवते हे त्याला ठाऊक होतं. भाव वाढवून सांगताना गिऱ्हाइकाला तो ते दाखवायचाही. पण तो पायातल्या बुटाकडं बघत म्हणाला, "पुसत नाही. घेणाऱ्याला सांगूनच देईन. नको म्हणाला तर दुसरा बघेन."

निघायच्या वेळी वैजयंतानं आपली चावी त्याच्या हातावर ठेवली आणि आत वळली. आक्कांनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, चाकांवर पाणी घातलं. अंकुशनं दार उघडलं. वैजयंताच्या चावीनं खुर्ची पुढं सरकली, वर उचलली गेली. तो कसाबसा गुडघे आखडून आत शिरला. त्यानं खुर्ची मागं घेतली नाही. तसाच बसला आणि गाडी बाहेर काढली.

आवाज असा नाहीच. नुसती धूळ जरा उठली. गल्लीच्या टोकाला गाडी थांबली. अंकुश उतरला, कुलूप लावलं, गाडीचे दोन्ही आरसे कान पाडल्यासारखे मिटले. तो पळत आला.

"कागद राहिले, वहिनी!"

वैजयंता पिशवी आणायला आत गेली. आक्का पायरीवर उभ्या होत्या. गाडीची पाठ आमच्याकडं. त्यांनी कनवटीला हात घातला, चावी काढली आणि अंगठा दाबला.

लांब गल्लीच्या टोकाला तिचे मागचे दिवे दोनदा लुकलुकले. मिटलेले आरसे दोन्ही बाजूंनी उघडले, कान टवकारावेत तसे, आणि वर वळले.

"मामा, मी नाही दाबली!" अंकुश ओरडला.

आक्कांचं तिकडं लक्ष नव्हतं. वयानं त्यांना लांबचं धूसर दिसायचं. डोळ्यांवर हात धरून त्यांनी गल्लीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं वळल्या.

"दगडू, वळला का त्यो?"

"व्हय आक्का," मी म्हणालो. "वळला."